सुमन बाविस्करचे वय

सुमन बाविस्कर त्या दिवशी तेरा वर्षांची होती.

हे वाक्य सर्वांत आधी लिहिण्याला धंद्यातले कारण आहे. वर्तमानपत्रात मजकूर जास्त झाला की तो खालून कापतात. पानावर जागा नसेल तर उपसंपादक शेवटचा परिच्छेद उडवतो, मग त्याच्या वरचा. वाचून ठरवायला वेळ नसतो. म्हणून महत्त्वाचे ते वर, हा बातमीदाराला पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम. मी तो नोकरीभर पाळला, आणि जिथे पाळायला हवा होता तिथे विसरलो. त्याचा हा वृत्तान्त आहे.

मी बडोद्यातल्या एका गुजराती दैनिकाच्या क्रीडा पानावर काम केले. घरी मराठी, कचेरीत गुजराती, मैदानावर दोन्हींची खिचडी. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘काही रंजक अनुभव’ मागितले आहेत. रंजक अनुभव आहेत. शालेय स्पर्धांना बातमीदार जात नाही, तो क्रिकेटला जातो. खो-खो, कबड्डी, मल्लखांब, बुद्धिबळ यांचे निकाल शिक्षक आणि पालक संध्याकाळी स्वतः कचेरीत आणून देतात, आणि क्रीडा पानाचे खरे गिऱ्हाईक तेच. एक ज्यूदोचे प्रशिक्षक होते. संघाच्या प्रत्येक छायाचित्रात ते मधोमध, दोन्ही हात कमरेवर ठेवून असे उभे राहत की त्यांना कापले तर संघ कापला जाई. एका बुद्धिबळपटूचे वडील होते. मुलगा सगळे डाव हरला होता, एक तेवढा बरोबरीत सुटला होता. वडील म्हणाले, “ड्रॉ एटले हार्यो नथी ने? तो ‘एका डावात अपराजित’ लखो.” मी तसे छापले. चूक काहीच नव्हते त्यात.

जगताप सर या गर्दीत वेगळे उठून दिसत. ते शहरातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात भूमिती शिकवत आणि खो-खोचे संघ तयार करत. राहायला जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात. शाळेकडून सायकलने यायचे, जिना न थांबता चढायचे आणि निकालाचा कागद माझ्या टेबलावर ठेवायचे. अक्षर छापल्यासारखे, आणि वर नेहमी हरलेल्या संघाची नावे, सगळी, राखीव खेळाडूंसकट. जिंकलेला संघ खाली. जिंकलेला संघ बहुतेक वेळा त्यांचाच असे.

मी नवा होतो तेव्हा त्यांना सांगितले की हे उलटे आहे.

“खालून कापता ना तुम्ही?” ते म्हणाले. “मग ज्यांचं कापलं जाऊ नये ते वर ठेवलंय. जिंकलेल्यांना जिंकल्याचं कळलेलं असतं.”

त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. मैदान आखायचे असले की सर गाठी मारलेली लांब दोरी काढत. तीन, चार आणि पाच मापांवर गाठी. तीन मुलांनी तीन गाठी धरून ताणायच्या, की कोपरा काटकोनात. फळ्यावर तो सिद्धान्त त्यानंतर महिन्याने यायचा आणि वर्गात कोणालाच नवा वाटायचा नाही. मूल सरावाला आले नाही तर सर त्याच्या घरी जाऊन बसत. आई चहा ठेवायला उठली की म्हणत, “चहा नको, पोरगा द्या.” पोरगा मिळेपर्यंत हलायचे नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले रेल्वेत, पोलिसांत, रिफायनरीत लागली. लग्नाच्या पत्रिका अजून पहिल्यांदा सरांकडे जातात.

आणि सगळ्या गोष्टींच्या वर एक गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय सरांवरचा कोणताही लेख पुरा होत नसे.

ती मी नोकरीला लागण्याच्या पुष्कळ आधीची. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत मुलींच्या चौदा वर्षांखालील गटाचा अंतिम सामना. सरांच्या संघातली सर्वांत चांगली खेळाडू, खांबावर सूर मारून गडी टिपणारी, अंगाने उंच होती. समोरच्या शाळेच्या शिक्षकांनी हरकत घेतली की ही मुलगी वयात बसत नाही. तेव्हा आमच्या पिढीतल्या अर्ध्या वर्गाचा जन्म एक जूनला झालेला असे. बाप वय अंदाजाने सांगायचा आणि मास्तर दाखल करताना एक जून घालायचे. त्यामुळे शाळेच्या दप्तरावर कोणाचा विश्वास नसे. पंच मैदानात आले. त्यांनी काही विचारण्याआधीच जगताप सरांनी हात करून आपल्या खेळाडूला बाहेर बोलावले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यावाचून खेळूनही सरांचा संघ जिंकला.

माझ्या आधी क्रीडा पान पाहणाऱ्या ज्येष्ठांनी ती बातमी ‘ट्रॉफीपेक्षा तत्त्व मोठे’ अशा मथळ्याने दिली होती. ते कात्रण सरांच्या पाकिटात गेले. वर्तमानपत्राच्या कचेरीत गावातल्या नाव असलेल्या प्रत्येक माणसाचे एक खाकी पाकीट असते, आत कात्रणे. माणसाला पुरस्कार मिळाला, तो निवृत्त झाला किंवा वारला की पाकीट उघडायचे आणि तासाभरात लेख द्यायचा. आता पाकिटांच्या जागी संगणक आला आहे, पद्धत तीच आहे. एकदा छापलेले पुन्हा तपासत नाहीत.

सर निवृत्त झाले तेव्हा ही गोष्ट मी लिहिली. त्यांना आदर्श शिक्षक म्हणून गौरवले तेव्हा लिहिली. शाळेचा मराठी विभाग मुलांअभावी बंद झाला तेव्हाही लिहिली. दर वेळी कोणीतरी माजी विद्यार्थी तिच्यात थोडी भर घालायचा. एकाने सांगितले की सरांच्या डोळ्यांत पाणी होते. दुसऱ्याने सांगितले की त्या मुलीने नंतर सरांचे पाय धरून खोटे बोलल्याची कबुली दिली. ती भर माझी नाही, पण ती माझ्या नावाखाली छापलेली आहे. मुलीचे नाव आम्ही कधी दिले नाही. अल्पवयीन मुलीला कमीपणा येईल असे नाव छापायचे नाही, हा चांगला नियम आहे. ‘एक खेळाडू’ असे लिहायचो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, हेमंत साळवीचा फोन आला. हेमंत सरांच्या मुलांच्या संघातला, आता मकरपुऱ्यात त्याचा वाहतुकीचा धंदा आहे. माजी विद्यार्थी मिळून सरांचा सत्कार करणार होते. मोठे सभागृह ठरले होते, आणि माझ्या जुन्या दैनिकात त्या दिवशी सरांवर एक पान द्यायचे होते. मी निवृत्त झालो होतो, पण हेमंत म्हणाला, “पाकीट तुझ्याकडेच आहे ने, अरुणभाई. बीजा कोणाला सांगू?”

सर तेव्हा सुभानपुऱ्यात त्यांच्या मुलीकडे, वसुधाताईंकडे राहत होते. गुडघे गेले होते, कान आणि डोके शाबूत होते. मी काही ठरावीक प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरे दिली. मग तेच म्हणाले, “ती गोष्ट घालणार असशील.”

“कोणती, सर?”

“टाळ्यांची.”

मी म्हणालो, ती तर घालावीच लागेल.

“ती मुलगी वयात बसत होती,” सर म्हणाले.

मला वाटले, त्यांना नंतर कधीतरी कळले असावे. मी तसे विचारले. ते म्हणाले, “नंतर कशाला? वसुधाच्या आईच्या शेजारच्या खाटेवर तिची आई होती. सरकारी इस्पितळात. एका दिवशी झाल्या दोघी. तिचे वडील रेल्वेत गँगमन, खानदेशातले, इथं ओळखीचं कोणी नाही. माझ्या घरून दोघींना डबा जायचा. मला माहीत नसायला काय झालं?”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. हरकत आली की संघाच्या शिक्षकाने लेखी हमी द्यायची, सामना खेळला जायचा आणि दाखला नंतर आठवड्यात आणून द्यायचा, असा नियम होता. इस्पितळात जन्मलेल्या मुलीचा दाखला मिळाला असता. पण त्याच वर्षी सरांनी स्वतः दुसऱ्या शाळांच्या दोन खेळाडूंवर वयाची हरकत घेऊन त्यांना बाहेर काढले होते. आता स्वतःवर आले तर हा हमी देतो, असे लोक म्हणतील, ही भीती त्यांना वाटली.

“हमी द्यायला खिशाला पेन होतं,” ते म्हणाले. “आणि मी हात केला. म्हटलं, ट्रॉफी गेली तरी चालेल, नाव जायला नको. मग टाळ्या वाजल्या. आणि मला बरं वाटलं, अरुण. हे लपवत नाही. फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात आलं, मग तर ते परत घेणं जमेना.”

मुलीचे पुढे काय झाले, हे वसुधाताईंनी सांगितले. सुमन त्यांच्याच वर्गात होती. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची. त्या सामन्यानंतर तिला शाळेत ‘काकू’ म्हणू लागले. महिन्याभरात तिच्या वडिलांनी करजणला बदली मागून घेतली. शाळा सुटली ती सुटलीच.

“सर, तुम्ही तिला भेटलात कधी?”

वसुधाताई म्हणाल्या, “अमेरिकेला दादाकडे दोनदा जाऊन आले. करजणला नाही गेले. तासाचाही रस्ता नाही.”

सरांनी मला सांगितले की हे छाप, माझ्या डोळ्यांदेखत छापून येऊ दे. मी म्हणालो, आधी तिला विचारावे लागेल. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय छापायचे नाही, हा आमचा नियम. गोष्ट खोटी छापताना तो मला कधी आठवला नव्हता.

मी हेमंतला फोन केला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “सरांचं वय झालंय. छोड ने, यार.” मी म्हणालो, आणि खरे असले तर? “तर पण शुं? इतक्या वर्षांनी सुमनला काय मिळणार? आणि सरांचं सगळं जाईल.”

मी त्याला मुलीचे नाव सांगितले नव्हते. सगळ्या शाळेला ते नाव माहीत होते. ते फक्त छापलेले नव्हते.

करजणला उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर, जाऊ, असे मी ठरवले. सत्कार त्याच्या आधी होता. मी पान लिहून दिले आणि त्यातून ती गोष्ट गाळली. खोटे लिहिले नाही, खरेही लिहिले नाही. हा मधला मार्ग मला तेव्हा सभ्य वाटला होता.

सभागृह भरले होते. पोलिसांतले आले होते, रेल्वेतले आले होते, परदेशातून दोघे आले होते. मी पहिल्या रांगेत होतो. हेमंत बोलायला उभा राहिला आणि त्याने ती गोष्ट सांगितली, डोळ्यांतल्या पाण्यासकट. टाळ्या झाल्या. सरांनी खुर्चीतूनच माइक मागितला.

ते म्हणाले, “ती मुलगी वयात बसत होती. मला माहीत होतं. मी घाबरलो म्हणून तिला बाहेर काढलं. चूक माझी होती.”

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळेच. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ गहिवरून म्हणाले, “पाहिलंत? हे आपले सर. आजसुद्धा श्रेय घ्यायला तयार नाहीत.” सभागृह उभे राहिले. सर माइकमध्ये काहीतरी बोलत होते, हात हलवत होते. दोघांनी येऊन त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि माइक बाजूला केला.

मीही उभा होतो. माझे हात वाजत होते. सगळे सभागृह उभे असताना एकट्याने बसणे अवघड असते. हे कारण आहे, समर्थन नाही. माझ्या शेजारी वसुधाताई बसून होत्या. त्यांनी वर माझ्या हातांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘सरांच्या विनम्रतेने सभागृह भारावले’. ती मी लिहिलेली नव्हती. पण संध्याकाळी कचेरीत एक फोन करणे माझ्या हातात होते, तो मी केला नाही.

उत्तरायण झाल्यावर वसुधाताईंचा निरोप आला, सर करजणला निघाले आहेत, तुम्ही यायचे तर या. मी गाडी काढली. काय बोलायचे ते सर हायवेवर ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते, तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

करजणच्या बाजारात सुमनबेन आणि त्यांच्या यजमानांचे शाळेच्या गणवेशांचे दुकान आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या एका मुलाचे माप घेत होत्या. मुलाची आई सांगत होती की नऊ वर्षांचा आहे, त्या मापाचे द्या.

“उंमर पर माप नथी लेती हुं,” सुमनबेन म्हणाल्या. “ऊभो रहे, बेटा. सीधो.”

त्यांनी दाराकडे पाहिले. सरांना ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. तरी त्यांनी माप पुरे केले, शर्ट काढून दिला, गिऱ्हाईक जाऊ दिले. मग दोन खुर्च्या पुढे ओढल्या. वसुधाताईंना म्हणाल्या, “वसु, जाडी झालीस गं.” वसुधाताईंना रडू आले.

सरांनी हमीचे सांगितले, भीतीचे सांगितले, टाळ्यांचेही सांगितले. काही गाळले नाही. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले आणि वाकायला लागले. आपल्याकडे विद्यार्थी शिक्षकाच्या पाया पडतो. ते काय करायला निघाले होते हे दुकानात सगळ्यांना कळले. शेजारच्या दुकानातला माणूस दारात येऊन उभा राहिला होता.

सुमनबेननी सरांचे दोन्ही कोपर धरले आणि त्यांना पुन्हा बसवले.

“नको, सर,” त्या म्हणाल्या. “बाजार बघतोय. कोणीतरी फोटो काढेल, आणि परत तुमचंच कौतुक होईल.”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. पण सरांची मान जी खाली गेली ती आम्ही निघेपर्यंत वर आली नाही.

मग सुमनबेननी माझ्याकडे पाहून विचारले, हे कोण? वसुधाताईंनी सांगितले.

“अच्छा, छापावाळा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या छाप्यात दर वेळी मी मोठी होत गेले. पहिल्यांदा पंधराची होते. मग सोळाची झाले. शेवटच्या वेळी तर सतराची. माझा मुलगा वाचून म्हणाला, मम्मी, सतराव्या वर्षी तो तारां लग्न थई गयां हतां.”

त्या हसल्या. मीही हसलो, आणि लगेच थांबलो.

मी विचारले, तेव्हा तुम्ही कोणाला काही बोलला का नाहीत? त्यांनी दुकानाच्या दाराशी जाऊन रचलेल्या मोज्यांचा ढीग नीट केला. मग म्हणाल्या, “घरी आल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, खरं सांग, तुझं वय किती. माझ्या बाबांनी विचारलं. माझ्या जन्माच्या वेळी ते स्वतः इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसलेले. पण म्हणाले, सरांनी काढलं म्हणजे काहीतरी असेल.”

त्यांनी मोज्यांचा एक जोड उचलून पुन्हा ढिगावर ठेवला.

“ते गेले तोवर त्यांच्या मनात ते होतंच. बाकी मला शाळेचं, खेळाचं काही नाही. माझं बरं चाललंय. आणि ती माफी घेऊन मी काय करू, सर? या कपाटात ठेवू? मी तेरा वर्षांची होते, एवढं छापा. नाव घालून. माहेरचं.”

मी हो म्हणालो. परत येऊन आधी करायला हवे होते ते केले. पालिकेच्या जन्मनोंदणीत सुमन आणि वसुधाताई, दोघींची नोंद एकाखाली एक आहे, तारीख एक. शोधायला एक सकाळ लागली. मी ज्यांच्या पाकिटावर लिहीत आलो, त्या कोणाच्याही बाबतीत अशी सकाळ मी खर्च केलेली नव्हती.

मग जुन्या कचेरीत गेलो. आताचे संपादक माझ्याशी अदबीने वागतात. ते म्हणाले, दुरुस्ती आपण दोनचार दिवसांपूर्वीच्या मजकुराची देतो. आणि तक्रार कोणाची आहे? लेखी काही? मी म्हणालो, तक्रार नाही, पण चूक आहे. त्यांनी विचार केला आणि त्यांना एक कल्पना सुचली. गुरू आणि शिष्येची इतक्या वर्षांनी भेट, करजणच्या दुकानात, एक मोठा फोटो, भावपूर्ण. “सर, ए तो बहु चालशे,” ते म्हणाले. मी नको म्हणालो. यात धैर्य नव्हते. सुमनबेनचे वाक्य कानात ताजे होते, इतकेच.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी कचेरीतून फोन आला की श्रद्धांजलीचा लेख तुम्हीच द्या. मला वाटले, ही संधी आहे. मी लेख लिहिला. घडियाळी पोळातली खोली, गाठींची दोरी, चहाऐवजी पोरगा मागणे, निकालाच्या कागदावर हरलेले वर. सगळे नीट रचून घेतले आणि शेवटी, लेखाचा भार तिथे यावा म्हणून, सुमन बाविस्करचा परिच्छेद लिहिला. नाव, वय, सरांची कबुली, पालिकेची नोंद. मला तो चांगला जमला असे वाटले. शेवट परिणामकारक व्हावा, हा विचार माझ्या मनात होता, हे मला मान्य केले पाहिजे.

संध्याकाळी पानावर एक जाहिरात आली आणि लेख खालून कापला गेला.

रिकामी राहिलेली लहानशी चौकट भरायला कोणीतरी संगणकात सरांचे नाव टाकले. चौकटीत आले, ‘ट्रॉफीपेक्षा तत्त्व मोठे’.

कापणाऱ्याचा दोष नाही. त्या खुर्चीत मी वर्षानुवर्षे बसलो आणि असेच कापले. त्या लेखातच मी लिहिले होते की ज्यांचे कापले जाऊ नये त्यांना सर वर ठेवत. ते वाक्य छापून आले. त्याच्या खालचा सुमनचा परिच्छेद आला नाही.

सकाळी मी करजणला फोन केला. त्यांनी पेपर वाचलेला होता.

“या वेळी वय नाही लिहिलं,” सुमनबेन म्हणाल्या. “ते सारुं, बरं केलं.”

काय झाले ते मी सांगितले. खालून कापतात म्हणजे काय, तेही. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुम्ही मला खाली कशाला ठेवलं?”

वसुधाताईंचा मला नंतर फोन आला नाही. हेमंतचा आला. सरांच्या नावाने खो-खोची स्पर्धा सुरू करायची आहे, आणि विजेत्या संघाच्या ढालीवर एक ओळ कोरायची आहे. कोणती, ते त्याने सांगितले. मी म्हणालो, ती कोरू नकोस. तो म्हणाला, “तू पण ने, अरुणभाई,” आणि फोन ठेवला. ढाल तयार झाली आहे, असे ऐकतो.

या अंकाचे निमंत्रण आले तेव्हा मी पुन्हा सुमनबेनना फोन केला. सांगितले की एक मराठी दिवाळी अंक आहे, त्यात लिहितो आहे, आणि तुमचे नाव मथळ्यात घालणार आहे.

“मराठीत?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे मराठी माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. मुलगा, सून, नात, सगळे गुजराती.”

मी म्हणालो, गुजरातीत करून पाठवतो.

“नको. मीच वाचून दाखवीन सगळ्यांना बसवून. आठवीपर्यंत शिकलेय, येतं मला.” मग म्हणाल्या, “फक्त सरांचं कमी लिहा.”

तेवढे मला जमलेले नाही.